ग्लासगोचं मत, नागपूरची चिठ्ठी

माझ्या धाकट्या भावाचं मत मी एकदा परस्पर देऊन टाकलं होतं. त्याला न विचारता, चहा पिता पिता, एका स्कॉटिश माणसाला. हे २०१४ साली मस्कतमध्ये घडलं, आणि आपलं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं.

मी त्या वेळी पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनियर होते. राहायला मस्कतमधल्याच दार्सैतला, कृष्णमंदिराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तो स्कॉटिश आमचा वेल्डिंग इन्स्पेक्टर. साठीला टेकलेला, उंच, नाक कायम उन्हाने सोललेलं. पाइपांचे जोड तो तपासायचा आणि त्याचे रिपोर्ट मी लावायचे, म्हणून साइटवर आम्ही बहुतेक वेळा एकाच गाडीने जायचो. गाडी तोच चालवायचा. ऑफिसात सगळे त्याला 'सर' म्हणायचे आणि तो दर वेळी 'सर नको' म्हणायचा. शेवटी मी त्याला काहीच म्हणेनाशी झाले, मनातल्या मनात मात्र 'म्हातारा' म्हणायचे. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, पण तो बोलायचा ते मला 'तू' असंच ऐकू यायचं, आणि मी बोलायचे ते 'तुम्ही'.

मला चौकशा करायची खोड आहे. लहानपणी आई म्हणायची, हिला पाहुण्यांसमोर बसवू नका, पगार विचारेल. तर त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही मस्कतजवळच्या बरक्याच्या साइटवर होतो. काम थांबलं तसं म्हाताऱ्याने हेल्मेट काढून बॉनेटवर उलटं ठेवलं आणि तो डोकं पुसत बसला. हेल्मेटच्या आत, पट्ट्यांच्या मागे, एक गोल निळा स्टिकर होता. त्यावर इंग्रजीत फक्त 'येस' लिहिलेलं. आता हेल्मेटच्या बाहेर लोक काय काय चिकटवतात, नावं, रक्तगट, फुटबॉलच्या टीमा. आत चिकटवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे कशाला 'हो' म्हटलंय?" मी विचारलं.

त्याने हेल्मेट उचलून डोक्यावर ठेवलं. "गाडीत सांगतो," तो म्हणाला.

एवढ्यावरून मला अंदाज आला. ओमानमध्ये बाहेरच्या माणसाने राजकारणात पडायचं नाही, मग ते कोणाच्या का देशाचं असेना, हे कामावर रुजू होतानाच आम्हा सगळ्यांना बजावलेलं असतं. आम्ही नागपूर-अमरावतीकडचे दहा-बारा बौद्ध कुटुंबांतले लोक एप्रिलमधली जयंतीसुद्धा कोणाच्या तरी हॉलमध्ये, पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून करायचो. वंदना व्हायची, खीर व्हायची, भाषण मात्र कोणी उभं राहून करायचं नाही. त्यामुळे हेल्मेटच्या आतला निळा रंग मला काही अगदीच अनोळखी वाटला नाही.

गाडीत त्याने सांगितलं. सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमध्ये मतदान होतं. एकच प्रश्न, स्कॉटलंडने वेगळा देश व्हावं का, हो की नाही. हा 'हो'वाला होता. पण झेंडे आणि जुन्या लढायांचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. तो ग्लासगोत क्लाईड नदीच्या काठच्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, तिथेच युनियनचं काम करायला लागला, आणि कारखाना बंद झाल्यावर त्याची समाजवादी मंडळी दर आठवड्याला एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत जमायची. पत्रकं स्वतः छापायची आणि जिने चढून स्वतःच वाटायची. निवडणुकीत आपला माणूस उभा करायचा.

"निवडून यायचे?" मी विचारलं.

"दर वेळी डिपॉझिट जप्त."

मी एवढ्या मोठ्याने हसले की त्याने गाडीचा वेग कमी केला. त्याला वाटलं मी टिंगल करतेय. मग मला माझ्या बाबांबद्दल सांगावं लागलं.

बाबा नागपूरच्या कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण बाबांचं पक्षाचं काम काही बंद पडलं नाही. त्यांच्या उमेदवाराचंही डिपॉझिट दर वेळी जायचं, आणि पुढच्या निवडणुकीला बाबा पुन्हा तेवढ्याच उत्साहाने सतरंजी अंथरून बसायचे. सतरंजीवर मतदारयादी पसरायची. बाबा नावं वाचायचे, मी आणि धाकटा चिठ्ठ्या लिहायचो. नाव, यादीतला क्रमांक, कुठली शाळा, कितवी खोली. अक्षर मोठं काढायचं, कारण चष्मा नसलेल्या म्हातारीलाही ते दिसलं पाहिजे. चिठ्ठीच्या मागे बाबा स्वतः एक ओळ घालायचे: 'सुनेसोबत', 'शेजारच्या आजीला घेऊन', 'रिक्षा लागेल'. कोण कोणाला घेऊन जाणार ते त्यांना वस्तीतल्या प्रत्येक घराचं पाठ असायचं. आणि चिठ्ठी सगळ्यांना जायची. जे आम्हाला जन्मात मत देणार नव्हते, त्यांनाही. मी लहान असताना एकदा वैतागून विचारलं होतं की यांची कशाला लिहायची. बाबा म्हणाले, "नाव आहे ना यादीत? मग लिही."

म्हाताऱ्याला ती मागची ओळ फार आवडली. 'रिक्षा लागेल' त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाला, "आणि तू? तू मत द्यायला जातेस?"

"इथून कुठे जाणार? पण नाव आहे माझं यादीत. बाबा माझी चिठ्ठी लिहून ठेवतात दर वेळी."

"ठेवतात?"

"ठेवतच असणार," मी म्हणाले.

त्यानंतर आमच्या गाडीत दुसरा विषयच राहिला नाही. मी विचारायचे, तो सांगायचा. दारावर गेल्यावर काय बोलता? कुत्रा अंगावर आला तर? तो म्हणाला, ते लोकांना विचारतात, एक ते दहामध्ये तुमचं 'हो' किती आहे, आणि लोक सांगतात चार, किंवा सात. मला हे ऐकून नवलच वाटलं. आमच्याकडे मनातलं कोणी आकड्यात सांगत नाही. आमच्याकडे विचारतात, घरात मतं किती? मग घरातलं कर्तं माणूस सांगतं, पाच. आणि ती पाच धरून चालायची. मी हे त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो फक्त 'हं' म्हणाला.

एप्रिलमध्ये आमच्या लोकसभेचं मतदान झालं. मी गेले नाही, जायचा विचारही केला नाही. बाबांनी फोनवर सांगितलं की या वेळीही डिपॉझिट गेलं, आणि मग तिकडे ऊन किती आहे ते विचारलं.

मे महिन्यात आम्ही समुद्रकाठच्या सूर गावी गेलो. दीड-दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना करडे डोंगर, आणि माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेला एक प्रश्न. तुम्ही समाजवादी ना, मी म्हणाले. कामगाराला देश नसतो म्हणणारे. मग तुम्हाला नवीन सरहद्द कशाला हवी?

तो म्हणाला, आमचा कारखाना बंद करायचं ज्यांनी ठरवलं, त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. ठरवणारा लांब राहिला की त्याला तुझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही. जवळचा असला तर उद्या दुकानात भेटतो. म्हणून ठरवायचं ते जवळच्या माणसांनी.

हे त्याचं आवडतं वाक्य असावं, कारण ते बोलताना तो सरळ बसला. मला मात्र ते ऐकून एकदम रागच आला. का ते कळायला मला एक-दोन मैल लागले.

"माझ्या आजोबांच्या गावात सगळं अगदी जवळचीच माणसं ठरवायची," मी म्हणाले. "रोज तोंड बघणारी. आमच्या लोकांनी विहिरीला शिवायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. आम्हाला जे मिळालं ते लांब दिल्लीत बसून लिहिलेल्या कायद्यामुळे. गावावर सोडलं असतं तर मी आज तुमच्या गाडीत नसते."

सूर येईपर्यंत त्याने नुसती गाडी चालवली. मला वाटलं, दुखावला. साइटचं काम उरकल्यावर आम्ही खाडीवर गेलो. तिथे लाकडी गलबतं बांधतात. एक मोठा सांगाडा उभा होता, आणि बंगाली सुतार त्याच्या पोटात बसून ठोकत होते. म्हातारा त्या फळ्यांवरून तळहात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. सांधे तपासायची ती सवयच. एका सुताराने त्याला चहा दिला आणि तो तिथेच उकिडवा बसून प्यायला. आठ वर्षं मी या ओमानी माणसांच्या देशात राहतोय, तो परत येताना म्हणाला, आणि इथल्या कुठल्याच गोष्टीत मला विचारत नाहीत, ते बरोबरच आहे. पण घरच्या गोष्टीतही मला कोणी विचारणार नाहीये.

"म्हणजे?"

"मला मत नाही."

मला वाटलं, मी इंग्रजी समजण्यात चुकले. पण नाही. सप्टेंबरच्या मतदानात फक्त स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना मत होतं. तो तिथे जन्मला, तिथे चाळीस-पन्नास वर्षं राहिला, पण आता त्याचा पत्ता मस्कतचा होता. हेल्मेटमध्ये 'येस' चिकटवून फिरणाऱ्या माणसाला येस म्हणायची सोय नव्हती.

मी भडकले. स्वतःच्या अन्यायावर भडकणं सोपं नसतं, दुसऱ्याच्या अन्यायावर मला ते छान जमतं. हे कसलं मतदान, तुम्ही अर्ज करा, कोर्टात जा, असं बरंच काही मी बोलले. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नियम बरोबर आहे."

"तुमचंच मत गेलं तरी?"

"तुझ्या आजोबांच्या विहिरीचा विचार करत होतो मघापासून. तू बोललीस त्यात चूक काढता येत नाही मला. जवळच्यांनी ठरवायचं म्हटलं तर जवळचे म्हणजे कोण, हे आधी ठरवावं लागतं. रक्ताने ठरवलं तर तुझ्या गावासारखं होतं. म्हणून तिथे जो राहतो त्या प्रत्येकाला मत. पोलंडहून आलेला, पाकिस्तानातून आलेला, कालपरवा आलेला. आणि जो राहत नाही, त्याला नाही. एक बाजू घेतली की दुसरीही घ्यावी लागते."

"पाकिस्तानातून आलेल्याला मत? आणि भारतातून?"

"कॉमनवेल्थमधल्या कोणालाही. तिथे राहत असला की झालं."

हे तो बोलला तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर करक, म्हणजे दाट उकळलेला चहा घेत होतो. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून ग्लासगोत होता. तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला.

"म्हणजे माझ्या भावाला मत आहे?"

त्याने कप खाली ठेवला. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. हावरा म्हणावं तर हावरा, आणि लगेच स्वतःला आवरलेला.

"मग ते तुमचंच समजा," मी म्हणाले. "आमच्या घरातलं एक मत. दिलं."

मी खरंच मोठ्या मनाने दिलं होतं. त्याला मत नव्हतं, आमच्याकडे एक पडून होतं, धाकटा माझं ऐकतो. मला ते वाटीभर साखर देण्याइतकं साधं वाटलं. तो हसेल, आभार मानेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "ते त्याचं आहे. त्याचा नंबर देशील?"

नंबर द्यायच्या आधी मी धाकट्याला फोन करून बजावलं. तो कंटाळलेला होता. "ताई, तू काय लावलं हे? माझ्या व्हिसाचं काय होईल वेगळा देश झाला तर, कोणाले माहीत आहे का? मी जाऊनच नाही राहिलो मत द्यायला."

"जायचं," मी म्हणाले. "आणि येसवर मारायचं. मी शब्द दिलाय."

"हो हो," तो म्हणाला. त्याच्या 'हो हो'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत असायला हवा होता.

म्हाताऱ्याने त्याला तीनदा फोन केला. त्यातला एक मी ऐकला, कारण तेव्हा आम्ही रुवीच्या पेट्रोल पंपाबाहेर गाडी लावून उभे होतो आणि त्याच्या फोनकार्डातली मिनिटं संपेपर्यंत मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्याने काय विचारलं? खोली गरम राहते का. घरमालक कसा आहे. प्रयोगशाळेत युनियन आहे का. व्हिसाचं नक्की काय लिहिलंय, वाचून दाखव. मग बराच वेळ फक्त 'हं', 'हं'. इकडे मी घड्याळ बघतेय. अरे बाबा, मुद्द्यावर ये, असं मला अगदी ओठांवर आलं होतं.

"विचारलंत का शेवटी?" फोन संपल्यावर मी म्हणाले.

"विचारलं."

"किती म्हणाला? एक ते दहात?"

"ते त्याच्या-माझ्यातलं आहे," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. मला राग आला. माझ्याच भावाचा आकडा मला सांगायला काय हरकत होती?

ऑगस्टमध्ये पत्रांचं काम निघालं. स्वतःला मत नसलं तरी गप्प बसेल असा हा माणूस नव्हता. तो जिथे वाढला त्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या ओळखीच्या लोकांना तो हाताने पत्रं लिहिणार होता. त्याने मला एक मोठा कागद दाखवला. त्यावर तीन जिने काढलेले, प्रत्येक मजल्यावर दोन दारं, आणि दारांवर नावं. मी तो कागद बघतच राहिले. बाबांच्या वहीत आमच्या वस्तीच्या गल्ल्या अशाच काढलेल्या होत्या.

दोन शुक्रवार तो आमच्या दार्सैतच्या फ्लॅटवर आला. सकाळी यायचा, दुपारी वरण-भात खायचा, वरणाला 'लेन्टिल सूप' म्हणायचा. तो पत्रं लिहायचा, मी लिफाफ्यांवर पत्ते घालायचे, कारण त्याच्या अक्षरात पत्ता पोचला असता याची मला खात्री नव्हती. पत्रं मी अर्थातच वाचली. एका बाईला गुडघ्याचं विचारलेलं, एकाला मेलेल्या कुत्र्याबद्दल. मतदानाचं शेवटच्या चार ओळींत. मीच त्याला म्हणाले, मागे आमची ओळ घाला. त्याने थोडा विचार केला आणि प्रत्येक पत्रामागे लिहिलं: 'तळमजल्यावरच्या आजीला घेऊन जा', 'जिन्यात पुढे चाल, त्यांना दिसत नाही'. लिहिताना तो माझ्याकडे बघून एकदा म्हणाला, "रिक्षा लागेल." हे त्याने मराठीतून म्हटलं. मला हसू आलं, आणि बाबांची फार आठवण झाली.

एक पाकीट धाकट्यासाठीही होतं. ते त्याने आधीच बंद करून आणलं होतं.

मतदान गुरुवारी झालं. शुक्रवारी आम्हाला सुट्टी. सकाळी नऊच्या सुमाराला मी टीव्हीसमोर होते, खाली मंदिरातली घंटा चालू होती, आणि निकाल लागला. 'नाही' जिंकलं होतं. मी म्हाताऱ्याला फोन केला, त्याने उचलला नाही. मग मी धाकट्याला केला.

"गेला होतास का?"

"गेलो होतो, ताई."

"येसवर ना?"

तो म्हणाला, "नोवर टाकलं. मला भीती वाटली ताई. माझे कागद अजून पक्के नाहीत."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शब्द दिला होता, नाक कापलं, हे सगळं त्यात आलं. शेवटी फोन मीच ठेवला.

रविवारी ऑफिसात म्हातारा वेळेवर आला. डोळे लाल होते, दाढी मात्र केलेली होती. केरळी, पाकिस्तानी, ओमानी, सगळे त्याला येऊन हात मिळवून गेले, कारण एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. एक ओमानी सहकारी 'इन्शाल्ला पुढच्या वेळी' म्हणाला. मी दिवसभर त्याच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. संध्याकाळी फाइल द्यायच्या निमित्ताने गेले आणि सांगून टाकलं. माझ्या भावाने नो टाकलं. मी तुम्हाला शब्द दिला होता. मला लाज वाटते.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या फोनपासून. त्याने मला तेव्हाच सांगितलं, मी गेलो तर नो टाकेन, म्हणून जातच नाही. ताईला सांगू नका म्हणाला."

"मग पुन्हा दोनदा फोन कशाला केलात?"

"तो जावा म्हणून. पत्रात त्याला मतदानाची शाळा कुठे आहे त्याचा नकाशा काढून दिला. त्या रस्त्यावर फलक दिसत नाही पटकन."

स्वतःला मत नाही, एकेका मतासाठी गुडघ्यांची चौकशी करत बसलेला हा माणूस, आणि समोरून येणारं विरोधी मत स्वतः नकाशा काढून पेटीपर्यंत पोचवतो.

"तो नोवर मारणार हे माहीत असून पाठवलंत त्याला?"

त्याने फाइल घेतली, सही कुठे करायची ते शोधलं. "तो तिथे राहतो," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी रजा टाकली. ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या विधानसभेचं मतदान होतं, आणि इतकी वर्षं जे मला एकदाही सुचलं नव्हतं ते आता डोक्यात बसलं होतं. माझ्याकडे मत आहे, मी ते वापरणार. म्हाताऱ्याला सांगितलं, आणि निघायच्या दिवशी त्याने गाडीतून मला विमानतळावर सोडलं. "यल्ला," तो म्हणाला, अरबीतलं 'चला', पण ग्लासगोच्या आवाजात. बाबांना मी कळवलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघायचा होता.

मी पोचले तेव्हा सतरंजी अंथरलेली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, उजवा गुडघा लांब करून, तो आता वाकत नव्हता. पक्षाने कॉम्प्युटरवर छापलेल्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, त्या बाबांनी बाजूला सारल्या होत्या. अक्षर बारीक म्हणे. आईने पाणी आणलं, मी ते न पिताच खाली बसले आणि आमच्या घराचा क्रमांक शोधला.

तिथे दोन नावं होती. आईचं आणि बाबांचं.

मला वाटलं, यादी चुकली. दर निवडणुकीत कोणाचं ना कोणाचं नाव गळतं आणि बाबा तहसीलला खेपा घालतात. "बाबा, माझं नाव गळलं," मी म्हणाले. "धाकट्याचंही."

"गळलं नाही," बाबा म्हणाले. "मीच कमी केलं. तुझं चार वर्षं झाली, धाकट्याचं तो गेला तेव्हा. अर्ज भरून दिला."

"तुम्ही?"

बाबांनी चष्मा काढला. "तू राहते का इथं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुसऱ्या कोणाच्या घराबद्दल सांगावं तसं सांगत होते. "साऱ्या वस्तीत फिरून मी लोकांचे गेलेले, मेलेले नाव कमी करतो. मंग माह्या घरातलं कसं ठेवू? बाहेरदेशी राहणाऱ्यांचा वेगळा अर्ज असते. तू विचारलं असतं तर आणून ठेवला असता."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आई मला म्हणाली, अगं एका मताने काय होते. तिला वाटलं मी मतासाठी रडतेय. स्कॉटलंडबद्दल मी त्या माणसाला शंभर प्रश्न विचारले होते. कुत्रा अंगावर आला तर काय करता, हेसुद्धा. माझ्या नावाचं काय झालं, हे मी बाबांना एकदाही विचारलं नव्हतं. दर वेळी चिठ्ठी लिहून ठेवत असतील, असं धरून चालले होते.

बाबांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पेन दिलं. "लिही," ते म्हणाले. "मोठं काढ अक्षर."

ते नावं वाचत गेले आणि मी लिहीत गेले. संध्याकाळपर्यंत आमची गल्ली संपली. आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. बाबांची चिठ्ठी लिहिली, नाव, क्रमांक, शाळा, खोली, आणि मग ती उलटी करून मागे त्यांची ओळ घातली: 'मुलीसोबत. रिक्षा लागेल.' बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.